ब्राउझरमधलं एक्स्टेंशन तुमचं काय काय वाचतं? ऑफिसच्या कॉम्प्युटरवर तपासायची पूर्ण रीत

कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीतलं कर सल्लागाराचं ऑफिस असो, शाहूपुरीतली गुळाची अडत असो, नाहीतर इन्स्टाग्रामवरून ऑर्डरी घेणारं चप्पल लाईनमधलं दुकान असो. तिथल्या कॉम्प्युटरवर क्रोम उघडलं की वर उजवीकडे जिगसॉच्या तुकड्यासारखं एक चिन्ह दिसतं. त्यावर क्लिक केलं की पाच-सात एक्स्टेंशन्सची, म्हणजे ब्राउझरला जोडलेल्या छोट्या प्रोग्रामांची, नावं खाली उतरतात. पीडीएफ जोडणारं, स्क्रीनशॉट काढणारं, मराठी टायपिंगचं, जीएसटी पोर्टलवरून सगळ्या पक्षकारांचे टू-बी (खरेदीवरच्या कराचे तक्ते) एकदम उतरवून घेणारं, व्हॉट्सॲप वेबवरून हजार गिऱ्हाइकांना दिवाळीच्या शुभेच्छा धाडणारं. हे कुणी टाकलं म्हणून विचारलं की ऑफिसातला पोरगा सांगतो, "सर, फुकट हाय की. मस्त चालतंय."

चालतं हे खरंच. पण चालताना ते काय वाचतं, वाचलेलं कुठे ठेवतं आणि कुणाकडे धाडतं, हे त्या पोरालाही ठाऊक नसतं आणि मालकालाही. ते शोधून काढता येतं, आणि त्यासाठी इंजिनिअर असावं लागत नाही. खालच्या पायऱ्या क्रोम धरून लिहिल्या आहेत, कारण आपल्याकडे बहुतेक ऑफिसांत तेच असतं. एज आणि ब्रेव्ह आतून क्रोमियमच, म्हणजे क्रोमच्याच पायावर बनलेले आहेत, तिथे नावं थोडी इकडेतिकडे होतील इतकंच. फायरफॉक्स जिथे वेगळं वागतं तिथे तसं सांगेन.

कुलपावर विसंबू नका

पत्त्याच्या पट्टीतलं कुलूप (क्रोमनं ते चिन्ह २०२३ मध्ये बदललं) किंवा पत्त्याच्या सुरुवातीचं एचटीटीपीएस बघून बरेच जण निश्चिंत होतात. ते कुलूप तुमचा ब्राउझर आणि बँकेचा सर्व्हर यांच्यामधल्या रस्त्यापुरतं असतं. एक्स्टेंशन त्या रस्त्यावर नसतंच, ते ब्राउझरच्या आत असतं. गुळाचा ट्रक ताडपत्री बांधून बंदोबस्तात आला तरी सौद्याला रवे उतरवून मांडले की शेजारी उभा असलेल्या कुणालाही ते दिसतात, तसंच हे आहे. पान तुमच्या स्क्रीनवर उलगडलं, मजकूर वाचण्याजोगा झाला, की ज्या एक्स्टेंशनला त्या पानाची परवानगी आहे त्यालाही तो वाचता येतो. खात्यातली शिल्लक, पॅन नंबर, टाइप केलेला पासवर्ड आणि त्यानंतरचा ओटीपीसुद्धा.

हे घडतं कसं ते थोडक्यात. प्रत्येक एक्स्टेंशनमध्ये मॅनिफेस्ट नावाची एक फाइल असते. मला कुठल्या साइटवर जायचंय आणि ब्राउझरच्या कुठल्या सोयी वापरायच्यात, हे तिच्यात लिहिलेलं असतं. तुम्हाला परवानगी मागणारी जी चौकट दिसते ती यातूनच तयार होते. पानात शिरून काम करणाऱ्या भागाला कंटेंट स्क्रिप्ट म्हणतात. पानातला मजकूर वाचणं, बदलणं, फॉर्म भरणं ही त्याची कामं. दुसरा भाग पडद्यामागे असतो, त्याला सर्व्हिस वर्कर म्हणतात. कंटेंट स्क्रिप्टनं वाचलेलं याच्याकडे येतं, आणि बाहेरच्या सर्व्हरशी बोलणं बहुतेक वेळा हाच करतो. पुढची सगळी तपासणी या दोघांच्या मागावर राहण्याची आहे.

पायरी १: यादी काढा, आणि निम्मी तिथंच उडवा

क्रोमच्या उजव्या कोपऱ्यातले तीन ठिपके, त्यात 'एक्स्टेंशन्स', त्यात 'मॅनेज एक्स्टेंशन्स'. फायरफॉक्समध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि ए ही बटणं एकदम दाबा. एका कॉम्प्युटरवर दोन-तीन क्रोम प्रोफाइल असतील तर प्रत्येक प्रोफाइलची यादी वेगळी असते, हे विसरू नका. आणि क्रोममध्ये गुगल खात्यानं सिंक चालू असेल, तर घरी लेकरानं गेमसाठी टाकलेलं एक्स्टेंशन ऑफिसच्या कॉम्प्युटरवरही येऊन बसतं. राजारामपुरीतल्या घरी टाकलेलं उद्यमनगरातल्या कारखान्यात सापडतं ते यामुळंच.

यादीतल्या एखाद्या नावाला काढून टाकण्याचं बटणच नसेल आणि ते तुमच्या संस्थेनं बसवल्याचं क्रोम सांगत असेल, तर थांबा. मोठ्या कंपनीत हे रीतसर असतं, तिथे आयटी विभाग धोरण लावून एक्स्टेंशन बसवतो. पण दोन टेबलांच्या ऑफिसात कुणीच असं धोरण लावलेलं नसताना हे दिसत असेल, तर कुठल्यातरी सॉफ्टवेअरनं विंडोजच्या रजिस्ट्रीत (सेटिंगांच्या आतल्या नोंदवहीत) गुपचूप नोंद केलेली असण्याची शक्यता मोठी. असा कॉम्प्युटर जाणकाराकडून साफ करून घ्या, आणि तोवर त्याच्यावर बँकेचं काम करू नका.

आता उडवायची कोणती? ज्याचं काम कॉम्प्युटर किंवा ब्राउझर स्वतःच करतो, ती आधी.

मराठी टायपिंगसाठी विंडोज १० आणि ११ मध्ये मराठीचा फोनेटिक कीबोर्ड आहेच. भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी जोडा आणि त्याखाली कीबोर्ड निवडा, मग इंग्रजी अक्षरांनी टाइप केलेलं मराठीत उमटतं. टायपिंगच्या एक्स्टेंशनला तुम्ही दाबलेलं प्रत्येक अक्षर बघावंच लागतं, त्याशिवाय त्याचं काम होत नाही. म्हणून ही जात मी सगळ्यात आधी काढायला सांगतो. स्क्रीनशॉटला विंडोज, शिफ्ट आणि एस ही बटणं पुरतात. पानाची पीडीएफ प्रिंटच्या खिडकीतूनच होते. भाषांतर क्रोममध्ये आहे. भाव उतरले की सांगणारं, कूपन शोधून देणारं असं काही असेल तर त्याला प्रत्येक दुकानाच्या पानावर उभं राहावं लागतं. दोनशे रुपये वाचवण्यासाठी खरेदीचा सगळा माग देऊन टाकण्याचा हा व्यवहार मला तरी पटत नाही.

पायरी २: उरलेल्यांच्या परवानग्या वाचा

प्रत्येकाखाली 'डिटेल्स' असं बटण आहे. त्यात दोन गोष्टी बघायच्या: परवानग्या आणि साइट ॲक्सेस.

सगळ्यात जड वाक्य म्हणजे 'रीड अँड चेंज ऑल युवर डेटा ऑन ऑल वेबसाइट्स'. तुम्ही उघडाल त्या प्रत्येक साइटवरचं सगळं वाचायची आणि बदलायची ही मुभा आहे. बदलायची हा भाग लोक वाचतच नाहीत. पानावर दिसणारा खाते क्रमांक बदलून दुसरा दाखवणंही यात बसतं. एखाद्या एक्स्टेंशनला ही मुभा खरोखरीच लागते, जाहिराती अडवणारं किंवा पासवर्ड भरणारं त्यातलं. पण पीडीएफ जोडणाऱ्याला ती कशाला लागावी?

'रीड युवर ब्राउझिंग हिस्टरी' म्हणजे कुठल्या पानांवर गेलात तो माग. 'रीड डेटा यू कॉपी अँड पेस्ट' म्हणजे क्लिपबोर्ड. पासवर्ड एक्सेलच्या शीटमधून कॉपी करून टाकायची सवय आपल्याकडे किती ऑफिसांत आहे ते तुम्हाला माहीत आहे. 'कम्युनिकेट विथ कोऑपरेटिंग नेटिव्ह ॲप्लिकेशन्स' म्हणजे ब्राउझरच्या बाहेर, कॉम्प्युटरवरच्या दुसऱ्या प्रोग्रामशी बोलणं. डिजिटल सहीच्या डोंगलशी बोलणाऱ्या काही एक्स्टेंशनना हे लागतं. वॉलपेपर बदलणाऱ्यानं ते मागितलं तर काढून टाका. 'मॅनेज युवर ॲप्स, एक्स्टेंशन्स अँड थीम्स' मागणारं एक्स्टेंशन इतर एक्स्टेंशन बंदही करू शकतं, तुम्ही सुरक्षेसाठी ठेवलेलंसुद्धा.

आणि काही परवानग्यांचा इशारा तुम्हाला दिसतच नाही. कुकी, म्हणजे साइटनं तुमच्या ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटी ओळखचिठ्ठी, वाचण्याची परवानगी त्यातली. तिच्यासाठी वेगळं वाक्य येत नाही. साइटची मुभा दिली आणि मॅनिफेस्टमध्ये कुकीचा उल्लेख असला की झालं. कुकीचं महत्त्व असं की तुम्ही एकदा लॉग-इन झालात की पुढे प्रत्येक पानावर साइट तुम्हाला त्या कुकीवरूनच ओळखते. ती चोरली तर पुष्कळ साइटवर चोराला पासवर्ड लागत नाही आणि ओटीपीही लागत नाही. टू-फॅक्टर (पासवर्डवर ओटीपीसारखी दुसरी खात्री) लावलंय म्हणून सुरक्षित आहे असं समजणाऱ्यांची खाती जातात ती बरेचदा याच वाटेनं.

पायरी ३: साइट ॲक्सेस आवळा

सगळ्यात कमी कष्टात सगळ्यात जास्त फायदा देणारी पायरी हीच, त्यामुळं बाकी काही केलं नाही तरी एवढी करा.

'डिटेल्स'मध्येच साइट ॲक्सेसचे तीन पर्याय असतात: 'ऑन क्लिक', 'ऑन स्पेसिफिक साइट्स', 'ऑन ऑल साइट्स'. टाकताना बहुतेकांचा तिसरा लागलेला असतो. पहिला लावला की तुम्ही चिन्हावर क्लिक करेपर्यंत एक्स्टेंशन पानाला हात लावू शकत नाही. दुसऱ्यात तुम्ही नेमून दिलेल्या साइटपुरतंच ते चालतं.

जीएसटीची विवरणं उतरवणारं एक्स्टेंशन घ्या. त्याला फक्त जीएसटी पोर्टल नेमून द्या. त्याला इन्कम टॅक्सचं पोर्टल, बँक, जीमेल यातलं काही लागत नाही. ज्यांनी ते नीट लिहिलंय त्यांनी मॅनिफेस्टमध्येच तेवढं एक पोर्टल मागितलेलं असतं, आणि साइट ॲक्सेसमध्ये तुम्हाला ते एकच नाव दिसतं. असं एक्स्टेंशन दिसलं की बनवणाऱ्याबद्दल मला आदर वाटतो. नेमून दिल्यावर ते बंद पडलं आणि 'सगळ्या साइटची परवानगी द्या' म्हणायला लागलं, तर त्यावरून जे कळायचं ते कळतं.

व्हॉट्सॲप वेबवरून घाऊक मेसेज पाठवणाऱ्या एक्स्टेंशनला मात्र साइट ॲक्सेस कितीही आवळला तरी उपयोग नाही, कारण त्याला जे एकच पान लागतं त्यावरच तुमचा सगळा धंदा असतो. गिऱ्हाइकांचे नंबर, भाव, उधारी, घरच्यांचे मेसेज. २०२५ च्या ऑक्टोबरात सॉकेट या सुरक्षा कंपनीनं क्रोमवरची अशी १३१ एक्स्टेंशन्स शोधून काढली, रोख ब्राझीलच्या वापरकर्त्यांवर होता. नावं आणि चिन्हं निराळी, आतला कोड एकच, वेगवेगळ्या ब्रँडखाली विकलेला. व्हॉट्सॲपच्या नियमांत असं स्वयंचलित घाऊक पाठवणं बसत नाही, नंबर कायमचा बंद होऊ शकतो. सणाचे मेसेज पाठवायचे तर व्हॉट्सॲप बिझनेसमधली ब्रॉडकास्ट यादी आहे. ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच ती पोचते, पण खरं गिऱ्हाईक नंबर सेव्ह करतंच.

पायरी ४: माहिती राहते कुठे

एक्स्टेंशन माहिती तीन ठिकाणी ठेवू शकतं. एक म्हणजे तुमच्याच कॉम्प्युटरवर, क्रोमच्या प्रोफाइल फोल्डरमध्ये. ही साठवण क्रोम आपणहून एन्क्रिप्ट करत नाही, म्हणजे सांकेतिक रूपात झाकत नाही. म्हणजे एखाद्या एक्स्टेंशननं पोर्टलचे पासवर्ड तसेच लिहून ठेवले, तर त्या कॉम्प्युटरवर बसणाऱ्याला ते शोधता येतात. पक्षकारांचे युजरनेम-पासवर्ड एक्स्टेंशनमध्ये भरून ठेवणाऱ्या ऑफिसांनी हे दोनदा वाचावं. दुसरं ठिकाण म्हणजे गुगल खात्याची सिंक साठवण. तिथे जागा अगदी थोडी, सुमारे १०० केबी, त्यामुळं बहुधा सेटिंगच जातात. तिसरं ठिकाण म्हणजे बनवणाऱ्याचा सर्व्हर, आणि खरी चिंता तिथली.

सर्व्हरकडे जाणं नेहमी वाईट असतं असं नाही. व्याकरण तपासणारं, पत्राचा सारांश काढून देणारं, एआयनं ईमेल लिहून देणारं ही सगळी मजकूर सर्व्हरला पाठवल्याशिवाय चालूच शकत नाहीत. ते ठाऊक ठेवून पक्षकाराची नोटीस त्यात चिकटवायची की नाही हे ठरवा. मी नको म्हणेन. याउलट जाहिराती अडवणारं चांगलं एक्स्टेंशन याद्या उतरवून घेतं आणि काम कॉम्प्युटरवरच करतं. यूब्लॉक ओरिजिन लाइट तर अडवायचे नियम ब्राउझरच्या हवाली करतं आणि अडवण्याचं काम ब्राउझर करतो, त्यामुळं साध्या अडवणुकीसाठी त्याला पानं वाचायची मुभा लागत नाही. मूळचं यूब्लॉक ओरिजिन क्रोमनं एक्स्टेंशन लिहायची जुनी मॅनिफेस्ट पद्धत बंद केल्यानं तिथे चालत नाही, फायरफॉक्सवर चालतं.

एक्स्टेंशन काढून टाकलं की त्यानं कॉम्प्युटरवर ठेवलेलं जातं. सर्व्हरवर गेलेलं जात नाही. म्हणून ज्यात तुम्ही खातं उघडलंय त्याचं आधी खातं बंद करा, माहिती पुसायला सांगा, आणि मग एक्स्टेंशन काढा. उलट केलं तर खातं बंद करायचं पान शोधत बसावं लागतं.

पायरी ५: प्रायव्हसी पॉलिसी कशी वाचायची

पूर्ण वाचू नका, कुणी वाचत नाही. क्रोम वेब स्टोअरवर प्रत्येक एक्स्टेंशनच्या पानावर खाली प्रायव्हसीचा भाग असतो. २०२१ च्या जानेवारीपासून काय गोळा करतो ते बनवणाऱ्यानं तिथे जाहीर करावं लागतं: वैयक्तिक ओळख, आर्थिक माहिती, पासवर्ड, ठिकाण, वेब हिस्टरी वगैरे. स्टोअरच्या नियमांप्रमाणे ही माहिती विकायला, माणसानुरूप जाहिरातींसाठी द्यायला किंवा कर्ज द्यायची पात्रता ठरवायला वापरायला मनाई आहे. फायरफॉक्सवर ३ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या एक्स्टेंशनला माहिती गोळा करतो की नाही हे मॅनिफेस्टमध्येच लिहावं लागतं, आणि ते बसवतानाच तुम्हाला दिसतं. पण लक्षात घ्या, ही सगळी बनवणाऱ्यानं स्वतः भरलेली माहिती आहे. आपल्या अर्जातल्या स्वयंघोषणापत्राला जेवढं वजन द्याल तेवढंच हिला द्या.

लांबलचक पॉलिसीत दोन जागा शोधायच्या. 'ॲनॉनिमाइज्ड' (ओळख काढलेली) किंवा 'ॲग्रिगेटेड' (एकत्र केलेली) माहिती भागीदारांना देतो असं वाक्य, आणि कंपनी विकली गेली तर माहितीही नव्या मालकाकडे जाईल असं वाक्य. पहिल्यातली मेख अवास्टच्या प्रकरणात दिसली. अँटिव्हायरस बनवणाऱ्या या कंपनीनं आपल्या एक्स्टेंशन आणि अँटिव्हायरसमधून लोकांची ब्राउझिंगची माहिती गोळा केली आणि जंपशॉट या उपकंपनीमार्फत विकली. ओळख काढून टाकली आहे, असं म्हणत. २०२० मध्ये जंपशॉट बंद करावी लागली, आणि २०२४ च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. नाव खोडलं तरी माणूस ओळखू येतो, कारण पानांच्या पत्त्यांतच ओळख दडलेली असते. २०१९ च्या जुलैत उघडकीला आलेल्या डेटास्पाय प्रकरणात आठ एक्स्टेंशन्समधून सुमारे ४० लाख लोकांची ब्राउझिंग हिस्टरी बाहेर गेली होती. ज्या फाइली फक्त लिंक असणाऱ्यालाच उघडता येतात अशांच्या लिंकाही त्यात होत्या: कर विवरणपत्रं, बिलं, कंपन्यांची कागदपत्रं. लिंकच बाहेर गेल्यावर पासवर्डचा प्रश्नच उरत नाही.

पायरी ६: बोलतं कुणाशी ते स्वतः बघा

इथे थोडं तांत्रिक आहे, पण नववीतलं पोरगंही करेल.

एक्स्टेंशनच्या पानावर वर उजवीकडे 'डेव्हलपर मोड' चालू करा. आता प्रत्येक एक्स्टेंशनखाली 'इन्स्पेक्ट व्ह्यूज' आणि पुढे 'सर्व्हिस वर्कर' अशी लिंक दिसेल. तिच्यावर क्लिक केलं की एक खिडकी उघडते. तिच्यात 'नेटवर्क' नावाचा टॅब निवडा आणि ती खिडकी बाजूला उघडीच ठेवा. दुसऱ्या खिडकीत बातम्यांची एखादी साइट उघडा, मग शिवाजी विद्यापीठाची, मग हवामानाची. बँक उघडू नका.

आता नेटवर्कच्या यादीकडे बघा. तुम्ही पान बदलता तसतशी एक-एक ओळ वाढते का? वाढत असेल तर त्या ओळीवर क्लिक करून 'पेलोड', म्हणजे धाडलेला मजकूर, बघा. तुम्ही उघडलेल्या पानाचा पत्ता तिथे दिसला, तर ते एक्स्टेंशन तुमची हिस्टरी धाडतंय, पॉलिसीत काहीही लिहिलेलं असो. पत्ता सरळ न दिसता अर्थहीन लांब अक्षरांची माळ दिसली, तरी प्रत्येक पानाबरोबर ती जात असेल तर हिशेब तोच. दिवसाकाठी एकदा यादी उतरवणारं किंवा फक्त क्लिक केल्यावर बोलणारं एक्स्टेंशन साधारणपणे ठीक.

कंटेंट स्क्रिप्ट थेट बोलत असेल तर ते या खिडकीत दिसणार नाही. त्यासाठी उघडलेल्या पानावर एफ १२ दाबा आणि तिथल्या नेटवर्कमध्ये बघा. तिथे गर्दी फार असते, म्हणून शक्यतो साध्या, जाहिराती नसलेल्या पानावर ही तपासणी करा.

यात एक पळवाट आहे. डेटास्पायमधली काही एक्स्टेंशन्स बसवल्यावर काही आठवडे गप्प बसत आणि मग माहिती गोळा करायला लागत. त्यामुळं पहिल्या दिवशी स्वच्छ दिसलं म्हणजे झालं, असं नाही. महिन्याभरानं परत बघा. तपासणी झाली की डेव्हलपर मोड बंद करा.

डेव्हलपर मोडवरून आठवलं. कुणी ओळखीचा व्हॉट्सॲपवर झिप फाइल पाठवतो, डेव्हलपर मोड चालू करून 'लोड अनपॅक्ड' करायला सांगतो, आणि पोर्टलचं काम झटपट होतं म्हणतो. असं एक्स्टेंशन स्टोअरच्या कुठल्याही तपासणीतून गेलेलं नसतं. ते तुमच्याच माणसानं तुमच्यासाठी बनवलं असेल तर ठीक. नाहीतर 'भावा, स्टोअरवर टाक, मग घेतो' म्हणून मोकळं व्हा.

पायरी ७: पैशाच्या कामाला वेगळं प्रोफाइल

वरची तपासणी कितीही नीट केली तरी एक भोक उरतंच, आणि ते म्हणजे अपडेट. एक्स्टेंशन आपोआप अपडेट होतं, तुम्हाला न विचारता. नव्या आवृत्तीनं जास्तीची परवानगी मागितली तर क्रोम ते थांबवून तुम्हाला विचारतं. पण सगळ्या साइटची मुभा पहिल्याच दिवशी दिलेली असेल तर नव्यानं मागायचं काही उरतच नाही.

द ग्रेट सस्पेंडर हे उघडे टॅब निजवून मेमरी वाचवणारं एक्स्टेंशन २० लाखांहून जास्त लोक वापरत होते, आणि ते खरंच चांगलं होतं. २०२० मध्ये मूळ लेखकानं ते विकलं. २०२१ च्या फेब्रुवारीत गुगलनं घातक कोडपायी ते बंद केलं. सायबरहेवनचं प्रकरण तर आणखी बोलकं, कारण ती कंपनीच माहितीची गळती रोखण्याचा धंदा करते. २०२४ च्या नाताळच्या आदल्या दिवशी तिच्या एका कर्मचाऱ्याला गुगलकडून आल्यासारखा ईमेल आला, तुमचं एक्स्टेंशन नियम मोडतंय असा. त्यानं दिलेल्या परवानगीवर चोरांनी कंपनीच्या एक्स्टेंशनची बिघडवलेली आवृत्ती स्टोअरवर चढवली, आणि ती लोकांच्या ब्राउझरमध्ये आपोआप पोचली. तिचं काम कुकी चोरणं, मुख्यतः फेसबुकच्या जाहिरात खात्यांच्या. त्याच लाटेत आणखी तीसहून जास्त एक्स्टेंशन्स सापडली. या सगळ्यांची पाचवी-सहावी पायरी तुम्ही मन लावून केली असती तरी त्या दिवशी वाचला नसता.

म्हणून क्रोमच्या वरच्या प्रोफाइल चिन्हावर क्लिक करून नवं प्रोफाइल बनवा. 'बँक' किंवा 'कर' असं नाव द्या आणि पट्टीचा रंग लाल ठेवा, म्हणजे कुठल्या खिडकीत आहोत ते कळतं. सिंक बंद ठेवा आणि एकही एक्स्टेंशन टाकू नका. बँक, इन्कम टॅक्स, जीएसटी, गुगलचं मुख्य खातं हे सगळं फक्त इथे. दुसऱ्या प्रोफाइलमधलं एक्स्टेंशन या प्रोफाइलची पानं आणि कुकी वाचू शकत नाही. जीएसटीचं उतरवणारं एक्स्टेंशन अडलंच असेल तर त्याच्यासाठी तिसरं प्रोफाइल करा, त्यात तेवढं एकच टाका आणि तिथे दुसरं काहीही उघडू नका.

महा ई-सेवा केंद्रासारख्या ठिकाणी, जिथे दिवसभर वेगवेगळ्या माणसांचे आधार आणि सातबारे उघडले जातात, तिथे गेस्ट विंडो वापरणं उत्तम. तिच्यात एक्स्टेंशन चालतच नाहीत आणि बंद केली की मागचं काही राहत नाही. इन्कॉग्निटोतही तुम्ही मुद्दाम मुभा दिल्याशिवाय एक्स्टेंशन चालत नाहीत, फक्त ती मुभा कुणी आधीच देऊन ठेवली नाही ना, ते 'डिटेल्स'मध्ये बघून घ्या. अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये एक्स्टेंशनची सोयच नाही. घाईत पैसे पाठवायचे असतील तर संशयित कॉम्प्युटरपेक्षा मोबाइलवरून पाठवलेलं बरं.

पायरी ८: एखादं वाईट निघालंच तर

क्रम चुकवू नका. आधी त्याच्या 'डिटेल्स'च्या पानाचा फोटो मोबाइलनं काढून ठेवा, आणि लगेच एक्स्टेंशन काढा. ते असतानाच पासवर्ड बदलला तर नवा पासवर्डही त्याच्याच हाती पडतो. सिंक चालू असेल तर घरच्या कॉम्प्युटरवरूनही ते गेलंय ना ते बघा.

मग दुसऱ्या, स्वच्छ कॉम्प्युटरवरून किंवा मोबाइलवरून पासवर्ड बदला. ईमेलचा सगळ्यात आधी, कारण बाकी सगळ्यांचे पासवर्ड बदलायची वाट ईमेलमधून जाते. पासवर्ड बदलताना 'सगळ्या उपकरणांवरून साइन आउट' हा पर्याय असेल तिथे तो नक्की वापरा. चोरलेल्या कुकी त्यानंच निकामी होतात, नुसता पासवर्ड बदलून प्रत्येक साइटवर होतीलच असं नाही. व्हॉट्सॲपमध्ये 'लिंक्ड डिव्हायसेस' उघडून अनोळखी उपकरण काढा. गुगल खात्याच्या सुरक्षेच्या पानावर कुठल्या ॲपना खात्याची मुभा दिलीय ती यादी असते, तीही साफ करा.

खात्यातून पैसे गेले असतील तर १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनला लगेच फोन करा आणि बँकेलाही कळवा. पहिल्या काही तासांत कळवलं तर पुढच्या खात्यात रक्कम गोठवायची शक्यता राहते. केंद्र सरकारच्या सायबर क्राइम पोर्टलवर लेखी तक्रारही करा. 'डिटेल्स'च्या पानाचा सुरुवातीला काढलेला फोटो इथे लागतो, त्यात एवढं दिसायला हवं: नाव, आवृत्ती आणि डेव्हलपर मोडमध्ये दिसणारा बत्तीस अक्षरी आयडी. एकाच नावाची दहा एक्स्टेंशन्स असतात, आयडी मात्र एकाचाच असतो, आणि तक्रारीत तोच कामाला येतो.

दुसऱ्यांची माहिती सांभाळणाऱ्यांसाठी

कर सल्लागार, डॉक्टर, पतसंस्था, क्लासेस यांच्या कॉम्प्युटरवरची माहिती त्यांची स्वतःची नसते. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा याच जबाबदारीबद्दल आहे. माहिती कशासाठी आणि कशी वापरायची हे जो ठरवतो, त्यानं ती सांभाळायची वाजवी काळजी घ्यायची. गळती झाली तर डेटा संरक्षण मंडळाला आणि ज्याची माहिती गेली त्याला कळवायचं. काळजी न घेतल्याबद्दलचा दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. नियम २०२५ च्या नोव्हेंबरात आले आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. पोरानं फुकट एक्स्टेंशन टाकलं होतं, हे उत्तर तिथे पुढे करता येईल असं मला वाटत नाही.

ऑफिसात एक वही किंवा शीट ठेवा: कुठल्या कॉम्प्युटरवर, कुठल्या प्रोफाइलमध्ये, कुठलं एक्स्टेंशन, कुणी आणि कशासाठी टाकलं, साइट ॲक्सेस काय. नवं टाकायचं तर आधी त्या शीटमध्ये ओळ, मग टाकणं. दर तिमाहीचं विवरण भरून झालं की त्याच दिवशी ती शीट आणि प्रत्यक्ष यादी जुळवायची. शीटमध्ये नसलेलं जे दिसेल ते विचारत न बसता काढायचं. कुणाला खरंच लागत असेल तर तो दुसऱ्या दिवशी येऊन सांगतोच.

आणि कुणाकडून एक्स्टेंशन बनवून घेणार असाल, इथल्या एखाद्या कॉलेजातल्या हुशार पोराकडून का होईना, तर कामाच्या कागदावर तीन अटी लिहून घ्या. लागेल त्याच पोर्टलचा उल्लेख मॅनिफेस्टमध्ये हवा. पासवर्ड कुठेही साठवायचा नाही. आणि स्टोअरवरचं खातं ऑफिसच्या नावावर हवं, पोराच्या खासगी जीमेलवर नको. नोकरी लागून तो पुण्याला गेला की त्या खात्याची किल्लीही त्याच्याबरोबर जाते.